जिंजीचं हिरवं

मला क्षयरोग झाला होता. एवढं एक वाक्य लिहायला मला फार वेळ लागला. आजारी होते तेव्हा ते बोलायची बंदी होती आणि बरी झाल्यावर बोलायची सवय राहिली नव्हती. आता लिहिते आहे ते एवढ्याचसाठी, की हा आजार झालेल्या कुणाच्या हाती हे पडलं तर त्याने नीट न कळलेल्या प्रश्नाला मान डोलावू नये. मला लिहायचा सराव नाही. मी चित्रं काढते.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, कुर्डुवाडीजवळच्या आमच्या गावात शिवणकाम करतात. दादा आयटीआय करून चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टैला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत लागला. मला एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दोन्ही चित्रकला परीक्षांत ‘ए’ ग्रेड होती. तेवढ्या बळावर दादाने घरी सांगितलं, “चेन्नईत चित्रकलेचं कॉलेज आहे. माझ्या नजरेसमोर राहील.” आईला पटलं नव्हतं, पण ‘नजरेसमोर’ या शब्दावर ती तयार झाली.

हे २००६ साली झालं. प्रत्यक्षात मी शहरातल्या हॉस्टेलवर होते आणि दादा तिकडे मित्रांबरोबर खोली करून. नजरेसमोर असं कुणीच कुणाच्या नव्हतं.

गाडीची खिडकी

कुर्डुवाडी ते चेन्नई हा माझा पहिला मोठा प्रवास, आणि माझी पहिली निसर्गचित्रंही त्याचीच. गाडी थांबली की पेन्सिलीने भराभर रेषा ओढायच्या. चालू झाली की हात हलतो, म्हणून रंग नुसते शब्दांत लिहून ठेवायचे. वाडी जंक्शनजवळ ‘राखाडी धूळ’. गुंटकलला ‘तांबडी माती, वर जांभळट’. अरक्कोणमच्या अलीकडे नुसतंच ‘हिरवं, हिरवं’. मग हॉस्टेलवर येऊन त्या शब्दांवरून जलरंग भरायचे. कॉलेजातले सर हसायचे. “तू रंग लिहितेस आणि मग वाचून लावतेस,” म्हणायचे. पण त्यांना ते आवडत असावं, कारण इतरांना ते दाखवायचे.

दुसऱ्या वर्षी अभ्यास सहल जिंजीला गेली. तिकडे जिंजीला सेंजी म्हणतात. आमच्या वर्गात हा किल्ला इतिहासाच्या पुस्तकात वाचलेली मी एकटीच होते, त्यामुळे मला उगाचच घरी आल्यासारखं वाटत होतं. राजगिरीवर, म्हणजे किल्ल्याच्या सगळ्यात उंच टेकडीवर, सगळ्यांच्या आधी पोचायचं असं ठरवून मी निघाले आणि निम्म्यात बसले. श्वास वरच्या वर अडकत होता. उजव्या कुशीत कुणीतरी सुई टोचून ठेवल्यासारखं दुखत होतं. माझी मैत्रीण जयंती दोनदा परत खाली आली. “वैशाली, व्हॉट हॅपन्ड?” मी म्हटलं, “इथूनच चित्र चांगलं दिसतं.”

खोटं नव्हतं ते. खाली भाताची शेतं लांबवर पसरली होती, मधून मधून मोठमोठ्या तांबूस शिळा. मी रेखाटन केलं आणि शेतांवर पेन्सिलीने लिहिलं, ‘कोवळं हिरवं’, ‘जून हिरवं’, ‘पिवळ्याकडे झुकणारं’. रंग भरायला अंगात ताकदच राहिली नाही.

निदान

आठवडाभर ताप उतरेना तेव्हा दादा येऊन मला इस्पितळात घेऊन गेला. छातीचा फोटो काढला. छातीत पाणी झालं होतं. पाठीतून सुई घालून त्यांनी ते काढलं आणि नळीतून ते बाटलीत उतरताना मी पाहत होते. यलो ऑकर, म्हणजे मातकट पिवळा, भरपूर पाण्यात सोडला की येतो तसा रंग होता. घाबरायचं सोडून मी रंगाचा विचार करत होते, याचं मला नंतर नवल वाटलं.

डॉक्टरांनी नाव सांगितलं तेव्हा दादा खिडकीशी उभा होता. तो वळला नाही.

“हिच्यामुळे दुसऱ्याला होईल का?” त्याने विचारलं.

असा आजार सहसा पसरत नाही, पण गोळ्या चुकवायच्या नाहीत, असं डॉक्टर इंग्रजीत म्हणाले. दादाला त्यातलं पहिलं वाक्य ऐकू आलं की नाही, मला माहीत नाही. तो बाहेर गेला आणि नव्या मोबाइलवरून गावातल्या किराणा दुकानात फोन लावून आईला बोलावून घेतलं. परत आला तेव्हा त्याचा चेहरा वेगळा होता.

“आई म्हणते, टायफॉईड सांगायचं. सगळ्यांना. अण्णांना पण.”

“अण्णांना पण?”

“वैशे, तुझं उद्या लग्न व्हायचंय. अण्णांच्या पोटात काही राहत नाही. दुकानावर चार माणसं बसतात.”

मी मान डोलावली. तेव्हा ते मोठं खोटं वाटलं नव्हतं. एका आजाराच्या जागी दुसरा, एवढंच.

वॉर्ड

वॉर्डातले दिवस सगळे एकसारखे होते. पहाटे फिनेलचा वास, मग दूध-ब्रेड, मग सिस्टर गोळ्या घेऊन यायची आणि गिळेपर्यंत समोर उभी राहायची. मग दिवसभर काही नाही. आजूबाजूच्या सगळ्या तमिळ बोलायच्या आणि माझं तमिळ बस कंडक्टरपुरतं. सिस्टरने एकदा विचारलं, घरी कोण कोण? मी म्हटलं, “अण्णा गावाला.” तमिळमध्ये अण्णा म्हणजे मोठा भाऊ. ती बराच वेळ दादाकडे आणि माझ्याकडे पाहत राहिली. हा मग कोण, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं. तेवढ्यावरून मला शहाणपण यायला हवं होतं, की शब्द ओळखीचा वाटला म्हणजे तो कळला असं नाही.

खाटेजवळच्या खिडकीतून कडुनिंबाची एक फांदी आणि मागची पिवळी भिंत दिसायची. ती फांदी मी किती वेळा काढली असेन. प्रवासात चित्र मागे पळतं, माणूस बसलेला असतो. इथे दोघंही थांबलेले होते.

गच्चीवरची खोली

वॉर्डातून सोडलं तेव्हा हॉस्टेलने मला परत घेतलं नाही. त्यांना इस्पितळाचे कागद दाखवावे लागले होते, म्हणजे त्यांना खरं कळलं होतं. दादाच्या खोलीत चार मुलगे. शेवटी शहराबाहेर पूनमल्लीला एका घराच्या गच्चीवर खोली मिळाली. घरमालकीण तंजावरकडच्या मराठी होत्या. पिढ्यान्‌पिढ्या तिकडेच राहिलेल्या. यजमान रेल्वेत होते, ते वारले. सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणायची, मीही म्हणू लागले.

त्यांचं मराठी ऐकून पहिल्या दिवशी मला हसू आलं. त्यांना माझं ऐकून आलं.

“काय गे पोरी, तू पुस्तकासारखी बोलतेस,” त्या म्हणाल्या. “तुजला झालं काय?”

“टायफॉईड,” दादा म्हणाला.

“अय्यो. मग पच्चै तण्णी प्यायची नाही. समजले?”

पच्चै तण्णी म्हणजे न उकळलेलं, कच्चं पाणी. हे मला वाक्यावरून कळलं. त्यानंतर अक्का दिवसातून एकदा तरी खालून हाक मारायच्या. “पच्चै तण्णी प्यालीस काय?” मी वरून म्हणायची, “नाही अक्का.” कधी कधी दिवसभरात मी बोललेले शब्द तेवढेच असायचे.

रोज दुपारी त्या मऊ भात आणि सार आणून द्यायच्या. टायफॉईडवाल्याला तिखट नको म्हणून फिक्कं, मिरीशिवाय. दादा रविवारी यायचा, मोसंबी आणायचा, दाराच्या चौकटीत बसायचा. आत येत नसे. डॉक्टरांनी सांगितलंय, असं मी एकदा म्हणाले तर म्हणाला, “मला कुठं काय वाटतंय,” आणि तिथंच बसून राहिला. त्याची कामाची पाळी, त्याचा थकवा, सगळं मला दिसत होतं. पण रविवारची ती दोन हातांची फट मला फार लागायची.

जयंतीने अक्कांच्या फोनवर दोनदा फोन केला. दुसऱ्यांदा म्हणाली, “माझ्या कझिनला टायफॉईड झाला होता, तो महिन्यात कॉलेजला आला. तू कधी येणार?” “बघते,” म्हणून मी फोन ठेवला. टायफॉईड महिन्यात संपतो. माझ्या पुढे अजून कितीतरी महिने होते आणि त्यांना नावच नव्हतं. तिला वाटलं असणार, मला कॉलेज नकोसं झालंय.

फिकटलेली बस

औषधं सुरू होऊन तिसरा महिना लागला असेल. ताप गेला होता, भूक लागत होती. मी गच्चीवरून दिसेल ते रंगवायला लागले होते. पाण्याच्या टाक्या, नारळाचे शेंडे, लांबून जाणाऱ्या बस. रंग काहीतरी मेल्यासारखे येत होते. तांबडा लावला तर विटेसारखा. मला वाटलं, केकचे, म्हणजे डबीतल्या जलरंगांच्या वड्यांचे, रंग जुने झाले. मग वाटलं, ब्रश नीट धुतला जात नाही. मग वाटलं, गच्चीवर ऊन फार, डोळे दिपतात. आपल्यात काही बिघडलंय हे माणूस सगळ्यात शेवटी म्हणतो.

इस्पितळात दर महिन्याला तपासणीला जावं लागे. दादाला रजा नसे, मी एकटीच जायची. त्या महिन्यात रांग मोठी होती. सिस्टरने माझ्या कागदावरून मान वर न करता विचारलं, “पच्चै तेरियुदा?” आणि हाताने मागे दाखवलं. मागे पिण्याच्या पाण्याचा नळ होता.

आता, पच्चै मला माहीत होतं. ‘तेरियुमा’ म्हणजे ‘ठाऊक आहे का’, हे मी हॉस्टेलवर शिकले होते. म्हणजे ती विचारत होती, कच्च्या पाण्याचं ठाऊक आहे ना?

“तेरियुम, सिस्टर,” मी म्हटलं. आहे ठाऊक.

तिने कागदावर बरोबरची खूण केली आणि पुढच्या बाईला बोलावलं. सगळ्या प्रश्नांमधला एक तरी मला आपोआप कळला, याचा मला बसमध्ये बसल्यावर आनंद होत होता.

दुष्काळ

जिंजीचं रेखाटन मी जपून ठेवलं होतं. ते पूर्ण करायचं आणि कॉलेज सुरू झालं की सरांना द्यायचं, असं मनाशी धरलं होतं. माझ्या केकच्या डबीवर नावं नव्हती, मी नेहमी नजरेनेच रंग उचलायची. शेतांवर माझेच शब्द होते, ‘कोवळं हिरवं’, ‘जून हिरवं’. त्यांच्यावरून एकेक वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, दिला. बऱ्याच दिवसांनी हात मोकळा चालला. चित्र वाळत ठेवलं तोच अक्का भात घेऊन आल्या.

त्या वाकून पाहत राहिल्या. “हे कोठचे?”

“जिंजी. किल्ल्यावरून खाली दिसतं ते.”

“सेंजी होय. मी गेले आहे. लहानपणी.” मग थोडं थांबून, “तेथे दुष्काळ होता काय, तू गेलीस तेव्हा?”

“नाही. का?”

“शेत सगळे वाळले आहे.”

“हिरवं आहे की ते अक्का.”

“कोठे हिरवे? हे तर तपकिरी.”

मला वाटलं, चेष्टा करताहेत. पेन्सिलीचे शब्द वॉशखालून दिसत होते, मी बोट ठेवून दाखवलं, “हे बघा, लिहिलंय. कोवळं हिरवं.”

“मजला तुमची अक्षरे वाचता येत नाहीत,” त्या म्हणाल्या. त्या तमिळ शाळेत शिकलेल्या. “मी रंगच पाहते. पोरी, माझ्या लुगड्याचा काठ कसला, सांग.”

मी काठाकडे पाहिलं. सांगता येईना. राखाडी म्हणावं तर राखाडी नव्हता. त्याला काही नावच नव्हतं.

“तांबडा?” मी म्हटलं.

त्यांनी काठ उचलून दाराबाहेरच्या तुळशीच्या पानाला लावला. तेव्हा मला कळलं, की काठ हिरवा होता.

त्या क्षणी पाठीतून सुई गेली तेव्हापेक्षा जास्त भीती मला वाटली. छाती बरी झाली नाही तर लोक आजारी म्हणतील. पण रंग गेले तर माझं चेन्नईत काय काम होतं? आईने ज्या शब्दावर मला पाठवलं, तो शब्दच नजर होता.

“टायफॉईडने डोळे असे होत नाहीत,” अक्का म्हणाल्या. “काय गोळ्या देतात तुजला?”

मी सांगितलं. आजाराचं खरं नाव मी तोंडाने पहिल्यांदा उच्चारलं ते त्या गच्चीवर. अक्का ताट तिथेच ठेवून खाली गेल्या.

दुसऱ्या दिवशी सार आलं नाही. ताट जिन्याच्या खालच्या पायरीवर ठेवलेलं होतं, नुसता भात आणि ताक. मी ते वर आणून जेवले. हिरव्या रंगाविषयी विचार करत राहिले. मी तो एवढ्या वेळा लिहिला होता, की तो दिसायचा बंद झाला तेव्हा मला कळलंच नाही. माझ्या आजारात सगळ्यात एकटा दिवस कुठला असं कुणी विचारलं तर मी तो सांगेन.

संध्याकाळी खालून आवाज आला. “पोरी, उद्या तयार राहा. डॉक्टरास मी सांगते. तुझे तमिळ ऐकले तर तो आणिक गोळ्या देईल.”

तेरियुम आणि तेरियुदु

बसमध्ये अक्का माझ्या पुढच्या बाकावर बसल्या, पदर नाकाला लावून. पण आल्या.

डॉक्टरांपुढे त्या इतकं भराभर बोलल्या की मला फक्त ‘पडम’ हा शब्द कळला, म्हणजे चित्र. ही मुलगी चित्रं काढते. ते ऐकून डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग त्यांनी सिस्टरला बोलावलं. सिस्टर माझा कागद दाखवून म्हणाली, मी विचारलं होतं, हिनेच ‘तेरियुम’ म्हणून सांगितलं. सिस्टरने खोटं काहीच सांगितलं नव्हतं.

अक्कांनी माझ्याकडे वळून विचारलं, “तिने काय विचारले होते?”

“कच्च्या पाण्याचं ठाऊक आहे का, असं.”

“शब्द सांग, शब्द.”

“पच्चै तेरियुदा.”

अक्का क्षणभर माझ्याकडे पाहत राहिल्या आणि मग हसायला लागल्या. पदराआड हसता हसता त्यांना ठसका लागला, आणि क्षयाच्या रांगेतल्या सगळ्या बायका त्यांच्याकडे सहानुभूतीने पाहू लागल्या.

पच्चै म्हणजे कच्चं, हे खरं. पण पच्चै म्हणजे हिरवंही. तमिळमध्ये दोन्हींना एकच शब्द. आणि ‘तेरियुदा’ म्हणजे ‘दिसतंय का’. सिस्टरने नळ दाखवला नव्हता. नळाशेजारी हिरवा पडदा होता. हिरवं दिसतंय का, असं ती विचारत होती. मी म्हणाले, ठाऊक आहे.

एका गोळीमुळे क्वचित कुणाला रंग दिसेनासे होतात, म्हणून ते दर वेळी विचारतात. ती गोळी त्याच दिवशी बंद केली. बाकीच्या चालू राहिल्या.

“परत येतील का रंग?” मी डॉक्टरांना विचारलं.

“बहुतेक वेळा येतात. हळूहळू. पूर्ण येतील असं मी सांगू शकत नाही.” त्यांनी मला खोटा धीर दिला नाही, हे मला तेव्हा आवडलं नव्हतं.

रविवारी दादा आला. अक्कांना खरं कळलंय हे ऐकून चौकटीतल्या चौकटीत उभा राहिला. “तू सांगितलंस? आता घर सोडायला लावतील.”

खालून अक्का वर येत होत्या. “घर कोण सोडायला सांगते?” त्या दादाला म्हणाल्या. “टायफॉईड म्हणून दोन महिने मी साराला मिरी घातली नाही. पाणी घातलेले सार मीही जेवले. त्याचे काय ते बोल.”

दादा खाली मान घालून हसला. मग त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तो आत आला आणि खाटेच्या कडेवर बसला. त्या दुपारच्या साराला इतकी मिरी होती की दोघांचं नाक वाहत होतं.

सगळं असं गोड झालं नाही. मी जयंतीलाही फोन करून खरं सांगितलं. ती “ओह” म्हणाली, “टेक केअर” म्हणाली आणि पुन्हा तिचा फोन आला नाही. अण्णांना आईने अजून सांगितलेलं नाही. हे छापून आलं तर ते वाचतील की नाही, मला माहीत नाही. वाचणारी चार माणसं दुकानावर बसतात.

पुढचे महिने मी फक्त काळा रंग आणि पाणी घेऊन बसले. टाक्या, नारळ, ढग. किती पाण्यात किती काळा म्हणजे लांबचं, किती म्हणजे जवळचं. अक्का वर आल्या की शेजारच्या घरांचे, वाळत घातलेल्या साड्यांचे रंग मला सांगायच्या आणि मी त्यांना सांगायची, तो मला कसा दिसतोय ते. बाकी दिवसभर कुणी नसायचं. रोज उठले की आधी दाराबाहेरच्या तुळशीकडे पाहायची. बरेच दिवस ती नुसती अंधुक होती. मग एका सकाळी तिच्या वरच्या दोन पानांत काहीतरी वेगळं वाटलं. मी कुणाला सांगितलं नाही. खात्री नव्हती.

त्या महिन्यात तपासणीला गेले तेव्हा तीच सिस्टर होती. तिने मला ओळखलं. या वेळी तिने मान वर केली, हात पूर्ण लांबवून पडद्याकडे दाखवला आणि सावकाश विचारलं, “पच्चै. तेरियुदा?”

मी वळले आणि पडद्याकडे पाहिलं. मागे रांग होती, तरी पाहत राहिले. तो अजून धुतल्यासारखा होता, कडेला राखाडी. पण घडीच्या आत, जिथे कापड दुमडलं होतं तिथे, काहीतरी होतं. जिंजीच्या लांबच्या शेतांवर मी जे लिहिलं होतं, त्याच्या जवळपासचं.

“कोंजम तेरियुदु, सिस्टर,” मी म्हटलं. थोडं दिसतंय.

तिने खूण केली नाही. पेन घेऊन, मी म्हणाले तसंच ते शब्दांत लिहून घेतलं.